सोनारीचा जांभळा चहा

मी आमच्या गावातला पहिला बी. एस्सी. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढं या सबंध प्रवासात त्याचा कुणालाही काडीचा उपयोग झाला नाही.

परांडा तालुक्यातल्या सोनारीला माणसं काळभैरवाच्या दर्शनाला जातात. मी आणि आमचे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, गेलो ते माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या सासरी. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी वाट, गाव, तिथलं खाणं आणि पिणं लिहितो आहे. खाण्यापेक्षा पिण्याबद्दल जास्त लिहावं लागणार आहे.

कारण घडलं ते एका पत्रानं. आक्काच्या सासूबाईंनी शाळामास्तरांकडून लिहवून घेतलं होतं. आक्काच्या लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. भूमकडचं एक स्थळ सांगून आलं आहे, तेव्हा मुलाचं दुसरं करावं असं मनात आहे. 'आपण वडीलधारे. येऊन दोन शब्द बोलून जावेत, म्हणजे आपल्या कन्येसही वाईट वाटणार नाही.' मास्तरांचं अक्षर फार सुरेख होतं.

हैदराबादेहून निकाल घेऊन मी नुकताच परतलो होतो. मी आप्पांना म्हणालो, "तुम्ही काळजी करू नका. मी बोलतो त्यांच्याशी."

आप्पा म्हणाले, "दशम्या बांधायला सांग."

येडशी

दशम्यांचं कारण आधी सांगायला हवं. आमच्याकडं रीत आहे की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. पुष्कळ घरांतून ही रीत आता ढिली पडली आहे. लोक लेकीकडं उतरतात आणि शेजारच्या घरी जेवतात, किंवा पाणी चालतं, भाकरी चालत नाही असं काहीतरी मधलं काढतात. आप्पांना मधलं काही चालत नाही. सात वर्षांत ते चार वेळा सोनारीला गेले. दर वेळी दशम्या, शेंगांची चटणी, गूळ आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या असं स्वतःचं सगळं बिऱ्हाड घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परतले. तांब्यातलं पाणी संपलं तर देवळाच्या बारवेवर जाऊन भरून आणायचं. देवाचं पाणी कुणाच्या घरचं नसतं.

ही रीत अडाणीपणाची आहे असं मी त्यांना येडशी स्टेशनावर सांगितलं. ते म्हणाले, "आसंल."

येडशीहून बारशीला जाणारी गाडी म्हणजे खेळण्यातली वाटावी एवढीशी. रामलिंगाच्या डोंगरातून वळसे घेत ती अशी उतरते की पुढच्या डब्यातला माणूस मागच्या डब्यातल्याशी सुखदुःख बोलू शकतो. आश्विनाचे दिवस, दोन्ही बाजूंना सीताफळं डोळे उघडून बसलेली. चढावर गाडीचा वेग एवढा कमी झाला की चार-सहा माणसं उतरली, फळं तोडली आणि चालत येऊन परत बसली. मीही उतरलो. पण शिकलेल्या माणसानं धावू नये असा माझा एक समज होता. त्यामुळं शेवटच्या डब्याचा दांडा कसाबसा हाती आला, आणि हातातलं सीताफळ माझ्या नव्या कोटाच्या खिशात फुटलं. पुढचे तीन दिवस माझ्याभोवती मुंग्या होत्या.

नाका

बारशी इंग्रजांची, परांडा निजामाचा. म्हणजे आम्ही निजामी मुलखातून निघून, इंग्रजी मुलखात उतरून, पुन्हा निजामी मुलखात शिरणार. हा सगळा खटाटोप एका लेकीच्या घरी जाण्यासाठी. शिरताना करोडगिरीचा नाका लागतो. बाहेरचा माल आत येताना तिथं तपासतात.

आमची मोटार कोळशावर चालणारी होती. लढाईमुळं पेट्रोल मिळत नाही, म्हणून गाडीच्या पाठीला एक भलीमोठी शेगडी बांधलेली. चढ आला की ड्रायव्हर मागं जाऊन ती फुंकायचा आणि उतारू उतरून गाडी ढकलायचे. नाक्यापर्यंत आम्ही तिकीट काढून निम्मं अंतर चालतच आलो.

नाकेदारानं आप्पांचा तांब्या उचलून हलवला. "क्या है इसमें?"

कॉलेजात आम्ही सगळे विषय उर्दूतून शिकलो. बोलायची संधी गावाकडं मिळत नाही. मी पुढं झालो. "जनाब, इसमें महज़ आब है, जो हमारे वालिद साहब के नोश फ़रमाने के लिए है."

नाकेदार माझ्याकडं बघत राहिला. मग माझ्या खांद्यावरून मान काढून आप्पांना म्हणाला, "पाणी हाय का, काका?"

"पाणीच हाय."

"कुठं चाललाव?"

"लेकीकडं."

त्यानं फिरकी घट्ट केली आणि तांब्या दोन्ही हातांनी परत दिला. "आमचा सासरा बी आसाच येतो," तो म्हणाला. "हुईल, काका. देव देतो." त्यानं आमची गाठोडी सोडलीसुद्धा नाहीत. माझ्या कोटाचा खिसा मात्र तपासला, कारण त्यावर मुंग्या होत्या.

सोनारी, पहिला दिवस

परांड्याचा किल्ला लांबून बघून घेतला. दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, गाडी जुंपून वाट पाहत उभे होते. दाजी माणसांशी बोलत नाहीत. बैलांशी मात्र मन मोकळं करतात. सोनारीपर्यंतच्या वाटेत ते आमच्याशी चार शब्द बोलले. त्यांचं खरं म्हणणं आम्हाला डाव्या बैलाच्या मार्फत कळलं. "चल रं राजा. पाव्हणे आलेत. आईनं बोलिवलंय. आता आई म्हंती तसं करावं का बायकू म्हंती तसं, तुला तर काय, दोन्हीकडं कडबाच."

काळी जमीन, नजर पोचेल तिथवर. ज्वारीची पेरणी चालली होती. गावात शिरलं की आधी देवळाचं शिखर दिसतं आणि मग माकडं. माकडांचा या गावात माणसांच्या बरोबरीनं हक्क आहे, आणि ती तो बजावतात. धाब्यावर, पारावर, कडुलिंबावर, कुठंही बघा. गावकरी त्यांना दगड मारत नाहीत, फक्त दारं लावून घेतात.

घर नीटनेटकं. पुढं सोपा, मधे अंगण, कडेला गोठा. कुंपणावर गोकर्णीचा मोठा वेल, गर्द निळ्या फुलांनी भरलेला, आणि त्याला खेटून कागदी लिंबाचं झाड. तो वेल आक्कानं लावलेला. बी आमच्या घरचं.

सासूबाई उंच, सरळ, आवाज खणखणीत. आम्ही पाय धुतो न धुतो तोच त्यांनी स्वतः गूळ-पाण्याचं ताट पुढं केलं. आप्पांनी ताटाला हात लावला, कपाळाला लावला आणि ताट मागं सारलं.

"रीत हाय, इहीणबाई."

"व्हय तर," सासूबाई म्हणाल्या. "तुमी रीत पाळताव, लई चांगलं. आमी बी तेच म्हणतो."

त्या 'आमी बी'चा अर्थ मला संध्याकाळी कळला. आम्ही सोप्यात बसलो होतो, आप्पा उंबऱ्याबाहेर घोंगडीवर. मी ठरवल्याप्रमाणं बोलायला सुरुवात केली. मूल न होण्याचा दोष नेहमी बाईचाच नसतो, पुरुषाचाही असू शकतो, हे शास्त्रानं सिद्ध झालं आहे, असं मी स्वच्छ शब्दांत सांगितलं. मला गुळमुळीत बोलता येत नाही.

दाजी उठून गोठ्यात गेले.

"माझ्या लेकाला बोलताव व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "शिकून आलाव, शानपण तेवढं तिथंच ठिवून आलाव." मग त्यांनी माझा नाद सोडला आणि आप्पांकडं वळल्या. "इवाय, मला सांगा. सात वर्सं झाली. सख्खा बाप हिच्या घरचं घोटभर पाणी पीत न्हाय. म्हंजे ह्ये घर भरलं न्हाय, आसं तुमीच म्हणताव का न्हाय? तुमी म्हणलं तर रीत, आन आमी म्हणलं तर वंगाळ?"

चुलीपाशी बसलेल्या आक्काच्या हातातली भाकरी थापायची थांबली नाही, पण आवाज जरा मोठा झाला.

सासूबाईंनी मग शेवटचं सांगितलं. परवा भूमचा बाजार उरकून त्या सांगून आलेल्या मुलीचा मामा येणार आहे. त्याच्यासमोर आप्पांनी 'आमची हरकत न्हाय' एवढं म्हणायचं. आक्काला कुणी घरातून काढत नाही, तिनं राहावं. "दोघी मिळून राहतील. कामाला बी हात लागंल."

दुसरा दिवस

हैदराबादनं मला दोन गोष्टी दिल्या, पदवी आणि चहाची सवय. सकाळी डोकं दुखायला लागलं तेव्हा मी चहा मागितला.

"चहापत्ती हाय," सासूबाई म्हणाल्या, "पर ती उद्याच्या पाव्हण्याला. तुमी घरचेच."

लढाईच्या दिवसांत पत्ती मिळत नव्हती. महिन्याभरापूर्वी परांड्याहून आणलेली मूठभर पत्ती त्यांनी फडक्यात गाठ मारून खिडकीच्या कोनाड्यात ठेवली होती. जाता-येता त्या गाठीला हात लावून बघत.

"बस, मी देते तुला चहा," आक्का मला म्हणाली, आणि कुंपणाकडं गेली.

हा चहा ती वर्षभर करत होती. देवाच्या पूजेला काढलेली फुलं एकदा चुकून ऊन पाण्याच्या तांब्यात पडली, पाणी निळं झालं. त्यात लिंबाचा हात लागला, पाणी जांभळं झालं. दुसरी एखादी बाई घाबरली असती. आक्कानं चाखून बघितलं. देवाच्या फुलाचं पाणी पिते म्हणून सासूबाईंनी आठवडाभर आदळआपट केली. त्यावर आक्का म्हणाली, वाहिलेलं फूल देवाचं, वेलावरचं आपलं. पुढच्या आठवड्यापासून सासूबाई दोन वेळा घ्यायला लागल्या.

ज्यांना घरी करायचा आहे त्यांच्यासाठी सांगतो. माणशी सात-आठ ताजी फुलं घ्यावीत. देठाची हिरवी टोपी काढावी, नाहीतर चव गवताची येते. पाण्यात आल्याचा तुकडा ठेचून टाकावा, उकळी आली की भांडं खाली उतरवून मगच फुलं सोडावीत आणि झाकण ठेवावं. चुलीवर फुलं उकळू नयेत, रंग मरतो. थोड्या वेळात फुलं पांढरी पडतात आणि पाणी शाईसारखं होतं. गूळ बेतानं घालावा, तोही पिवळा. काळ्या गुळानं रंग मळतो. गाळून कपात ओतावं आणि शेवटी लिंबू. चार थेंबांनी जांभळा, फोडभर पिळलं तर गुलाबी. फुलंच घ्यावीत. वेलाचं मूळ आणि बी ही जुलाबाची औषधं आहेत, आणि हे मी ऐकीव सांगत नाही, त्यांच्या शेजाऱ्यानं पिऊन बघितलं आहे.

कप पांढरा, चिनी मातीचा. घरात असे पाचच होते. आक्कानं निळ्या पाण्यात लिंबू पिळलं आणि माझ्या डोळ्यांदेखत रंग बदलला. मला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. मी म्हणालो, "याचं कारण तुर्शा, म्हणजे आम्ल. लिंबात तुर्शा असतो. लिटमस नावाचा एक कागद असतो..."

"लिंबानं हुतंय ते," सासूबाई म्हणाल्या. "त्याला काय कॉलेज लागतंय?"

मी शांतपणे कपात दूध ओतलं. चहा म्हटला की दूध, एवढंच माझ्या हातांना माहीत. आंबट पाण्यात दूध, शास्त्र शिकलेल्या माणसानं! क्षणात ते फाटलं आणि रंग राखेसारखा झाला. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "प्या आता तुमचा तो तुर्शा," त्या म्हणाल्या. मग मोठ्या मनानं दुसरा कप द्यायला सांगितला आणि गुण ऐकवले. गुडघा सुटतो, खोकला जातो, झोप लागते, डोळ्यांना गार, पोटाला हलका. "आन टाळक्याला लई चांगला. तुमी रोज घ्या."

चव सांगायची तर चहाची नाही. आलं, गूळ आणि लिंबू यांची चव, आणि मागं कोवळ्या शेंगेसारखं काहीतरी. डोकं मात्र थांबलं. हे गुणानं झालं की हसून, सांगता येत नाही.

आप्पा हे सगळं अंगणापलीकडून, उंबऱ्याबाहेर घोंगडीवर बसून बघत होते. पुढ्यात दशमी, बाजूला तांब्या.

"काय गं ते, शाई?" त्यांनी विचारलं.

"चहा हाय, आप्पा. देऊ?"

त्यांनी नुसती मान हलवली.

दुपारी आक्का बियांसाठी वेलावरच्या वाळक्या शेंगा काढत होती. आप्पा तिच्यापाशी जाऊन उभे राहिले. मी गोठ्याच्या सावलीत पडलो होतो. त्यांना वाटलं मी झोपलो आहे. शिकलेली माणसं दुपारी झोपतात असा त्यांचा समज आहे.

"आप्पा," आक्का म्हणाली, "तुमी हितलं पाणी पीत न्हाय ते कशापायी?"

"रीत हाय."

"रीत काकांनी कवाच सोडली. त्यांच्या सुशीला बी न्हाय अजून लेकरू, तरी तिच्याकडं पंगतीला बसत्यात. खरं सांगा."

आप्पांनी एक वाळकी शेंग तोडून तिच्या हातात दिली.

"म्या पाणी प्यालो," आप्पा म्हणाले, "म्हंजे वाट बघायची सोडली, आसं हुईल गं. वर बसलेला म्हणंल, ह्याला आता काय नको. म्हणून कोरडा बसतो. दुसरं माझ्या हातात काय हाय?"

मी डोळे मिटूनच होतो. रेल्वे स्टेशनावर ज्याला मी अडाणीपणा म्हणालो होतो, तो हा होता.

"तुमी वाट बघताव," आक्का म्हणाली, "म्हणून आत्याबाई बी बघत्यात. गाव बी बघतंय. तुमी सगळे वाट बघत बसलाव आन म्या एकटी हितं सात वर्सं घर करायलेय. लेकरू झालं तर झालं. न्हाय झालं, तर ह्ये काय घर न्हाय का?"

आप्पा तांब्या घेऊन बारवेवर गेले. तांब्या निम्मा भरलेला होता, तरी गेले.

तिसरा दिवस

मामा दुपार टळल्यावर आले. पांढरा पटका, काखेत छत्री, अंगावर बाजारातली धूळ. माणूस मोकळा. आल्या आल्या गूळ-पाणी घेऊन म्हणाले, "ऊन हाय का काय हाय! आता चहा मिळाला तर जीव यील."

सासूबाई समाधानानं उठल्या आणि कोनाड्याकडं गेल्या. गाठ तिथं नव्हती.

गाठ कडुलिंबावर होती. एक थोराड माकड फांदीवर बसून ती सोडत होतं. पत्ती त्यानं चाखली, थुंकली, आणि मग फार सावकाश, आमच्याकडं बघत बघत, सगळी खाली झटकली. मूठभर पत्ती अंगणभर झाली. सासूबाईंनी देवाची लेकरं, देवाचे दूत अशी ज्यांची रोज पाठराखण केली होती, त्यांना त्या दिवशी जे म्हटलं ते इथं छापता येणार नाही.

मामा सोप्यात. चहा द्यायला तर हवा. सासूबाई आत गेल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "कर बाई, तुझं ते जांभळं."

आक्का कप घेऊन बाहेर आली तेव्हा मी मोजले. मामा, सासूबाई, दाजी, मी यांचे चार जांभळे. पाचवा कप तिनं वेगळा आणला होता. तो निळा होता. बशीत लिंबाची एक फोड. ती उंबऱ्याबाहेर गेली आणि तो कप आप्पांच्या पुढ्यात ठेवला.

"आप्पा, पाणी तुमच्या तांब्यातलं. गूळ तुमच्या गाठोड्यातला. आलं ह्यात घातलं न्हाय. फुलं येलाची, आन येल आपल्या बियांचा. भांडं नवं, कुणी वापरलेलं न्हाय. लिंबू तेवढं हितलं हाय. म्हणून येगळं ठिवलंय. तुमची मर्जी."

ती आत गेली नाही. चौकटीला धरून उभी राहिली.

मामांनी आपल्या कपाकडं बघितलं, आप्पांच्या कपाकडं बघितलं. "आवो पाव्हणे, आमचं जांभळं आन तुमचं निळं? ह्ये कामून?"

"त्यांची रीत हाय," सासूबाईंनी घाईनं सांगितलं. "लेकीच्या घरचं काय घेत न्हाईत ते. लेकरू न्हाय ना."

"आसं हाय व्हय." मामांनी मान हलवली. "म्हंजे बापानं बी घर मानलं न्हाय म्हणा की. मग काय प्रश्नच न्हाय."

खरं म्हणजे त्याच वेळी आप्पांनी 'आमची हरकत न्हाय' म्हणायचं ठरलेलं होतं. सासूबाई त्यांच्याकडं बघत होत्या. दाजी जमिनीकडं बघत होते. बोलायला बैल जवळ नव्हता.

आप्पांनी कप उचलला. निळं पाणी थोडा वेळ नुसतं धरलं. मग बशीतली फोड घेतली आणि पिळली. एकदा पिळली, परत पिळली, बोटांनी पार चिपाड होईपर्यंत पिळली. जांभळ्याच्याही पुढं जाऊन रंग गुलाबी झाला. त्यांनी कप तोंडाला लावला आणि आमच्याकडं न बघता, मधे न थांबता संपवला.

त्यांनी कप खाली ठेवला, मिशी पुसली. "अजून आण गं."

आक्का म्हणाली, "तुमच्या तांब्यातलं पाणी संपलं, आप्पा."

आता मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण खरं लिहायचं ठरवलं आहे. मी तांब्या उचलला. म्हणालो, "थांबा, मी बारवेवरून घेऊन येतो, लगेच." रीत मोडावी म्हणून ज्यानं तीन दिवस व्याख्यानं दिली, तोच ती सांभाळायला पळत निघाला. मी पायरी उतरणार तोच माझ्या कोटाला मागून हिसका बसला. दाजींनी कोट धरला होता. माणूस माझ्याशी बोलला नाही, नुसता धरून राहिला. बैलाला धरतात तसा.

"बस खाली," आप्पा मला म्हणाले. मग आक्काला म्हणाले, "हितल्या रांजणातलं घाल."

आक्का आत गेली. आत एकदा भांडं पडल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ पाणी उकळत होतं. तेवढ्या वेळात आप्पा उठले, घोंगडी उचलली, उंबरा ओलांडून सोप्यात आले आणि मामांच्या शेजारी बसले. दुसरा कप त्यांनी तिथं बसून घेतला. तो आक्कानं आतूनच लिंबू पिळून आणला होता.

मामा व्यवहारी होते. त्यांनी आपला चहा संपवला, छत्री काखेत मारली. "बाई," ते सासूबाईंना म्हणाले, "तुमी निरोप धाडला तवा म्हणला हुताव, माहेरची माणसं पोरीचं सोडून देत्यात. ह्ये तर दुसरा कप मागायलेत. आमच्या पोरीला आमी हितं कुठं बसवावं?" उठता उठता त्यांनी आक्काला हाक मारली. "पोरी, त्या येलाचं बी हाय का जरा? घरी लावतो."

आक्कानं पदराच्या टोकाची गाठ सोडून मूठभर बी दिलं. मामा गेले.

सासूबाई गप्प होत्या. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली. आप्पांच्या कपाच्या तळाशी घोटभर उरलं होतं. ते कप फिरवत बसले होते.

"गूळ कमी पडला ह्यात," ते म्हणाले.

आक्कानं चमकून बघितलं. सात वर्षांत आप्पांनी त्या घरात कशाला नाव ठेवलं नव्हतं. ठेवणार कशाच्या जोरावर? तोंडात काही गेलंच नव्हतं.

"आमच्यात एवढाच घालत्यात," सासूबाई ताडकन म्हणाल्या. मग थोडं थांबून, रिकामे कप एकात एक घालत म्हणाल्या, "जास्त लागत आसंल तर उद्या सांगावं. चूल पेटायच्या आधी."

आप्पा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघायचे, तिसरा दिवस त्यांनी लेकीकडं कधी काढला नव्हता. यंदा आम्ही आठवडाभर राहिलो. रोज सकाळी चूल पेटायच्या आधी ते जाऊन गुळाचं सांगत. सासूबाई रोज तेवढाच गूळ घालत.